शनिवारी मोजलेली विहीर

माण, खटाव, आटपाडी, जत या चार तालुक्यांतल्या माझ्या माणसांनो,

तुमच्या दारात आजवर किती फॉर्म आले ते जरा आठवून बघा. घरात माणसं किती, शेळ्या किती, संडास आहे का, पाणी किती लांबून आणता. आपण पोतं झटकून बसायला दिलं, चहा दिला, कामाचा खाडा केला आणि विचारलं ते सांगितलं. फॉर्म गेला तो गेला. त्यातून काय निघालं, ते खरं होतं का, कुणाच्या टेबलावर जाऊन पडलं, हे सांगायला एक माणूस परत आला नाही. आपल्याबद्दल लिहिलेलं आपल्यालाच वाचायला मिळत नाही. हा आपल्या सगळ्यांचा राग आहे आणि तो रास्त आहे.

या उन्हाळ्यात अशाच एका अभ्यासानं आमच्या करंजओढ्याचा टँकर बंद पाडला. अभ्यास करणारी माझी सख्खी पुतणी नीलिमा. ती सांगलीत राहते आणि भूगोलात एम.ए. करते. तिची आणि माझी पत्रं तिच्या संमतीनं खाली छापतो आहे. त्यांतली ‘मोठी आई’ म्हणजे माझी बायको भामाबाई; ती मला अरे-तुरेच करते. काही गाळलेलं नाही. माझी लाज निघते तेवढंही तसंच ठेवलं आहे.

— आण्णा

•

करंजओढा, ता. माण
२९ मार्च

चि. नीलिमा हिस,
सप्रेम जय भीम.

फोन करणार होतो. पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू ‘आण्णा, रेंज नाही’ म्हणून ठेवून देतेस. कागदाला ती सोय नाही.

आठ दिवस झाले, टँकर येत नाही. परवा सरपंच विजयमाला आणि मी कचेरीत गेलो. टंचाईच्या टेबलावरचे साहेब तरुण आहेत, नीट बोलतात. त्यांनी फाइल फिरवून माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, “आजोबा, हे वाचा. विहीर चढतीय तुमची. मग टँकर कशाला?”

मी चष्मा लावून वाचलं. ‘करंजओढा गावातील जलसंधारण आणि शाश्वत विकास: एक भौगोलिक अभ्यास.’ खाली लिहिलं होतं, सार्वजनिक विहिरीत जानेवारीत दोन फूट पाणी, मार्चमध्ये साडेपाच फूट. गावाची वाटचाल टंचाईमुक्तीकडे. त्याखाली तुझं नाव. आपलं आडनाव.

मला सांग, मार्चमध्ये विहीर कुठल्या मुलुखात चढते? तू शिकलेली, तुझे सर त्याहून शिकलेले, कचेरीतले साहेब परीक्षा देऊन आलेले. तिघांनी मिळून हा आकडा वाचला आणि तिघांपैकी एकालाही हा प्रश्न पडला नाही? पोहऱ्यातून चिखल वर येतो आहे. बायका दोन किलोमीटरवरच्या मळ्यातल्या बोअरवर जातात. मालक सकाळी एक तास मोटर चालू ठेवतो, त्यात ज्याचा नंबर लागेल त्याचं नशीब. शेजारची क्रांती नववीला आहे. ती शाळा सोडून त्या रांगेत उभी असते.

तुझ्या भूगोलात आमची तहान कुठल्या रकान्यात येते, तेवढं लिहून कळव.

तुझा,
आण्णा

•

सांगली
४ एप्रिल

आदरणीय आण्णा,
जय भीम.

पत्र दोनदा वाचलं. बाबांना दाखवलं नाही. त्यांनी मला नाही, तुम्हाला फोन केला असता.

टँकर बंद झाला याचं मलाही वाईट वाटतं. पण त्यासाठी माझ्या कामाला नावं ठेवू नका. मी दहा शनिवार सांगलीहून एस.टी.नं आले, कारण शनिवारी कॉलेज नसतं. दर वेळी सकाळी दहाला, कठड्यावरच्या एकाच खुणेपासून, वजन बांधलेली टेप सोडली. तळ एकदा मोजून ठेवला होता, त्यावरून पाणी किती ते काढलं. पारावर चोवीस जणांच्या मुलाखती घेतल्या. आकडे वहीत पेननं आहेत, एकही खोडलेला नाही. कुणालाही दाखवीन.

मार्चमध्ये विहीर कशी चढली, हा प्रश्न मला पडला होता. धैर्यशील सर माझे मार्गदर्शक आहेत, त्यांच्याशी बोलले. ते म्हणाले, डोंगरावर श्रमदानातून खोदलेल्या चरांमधलं पाणी खडकातून हळूहळू झिरपत असेल, ते उशिरा विहिरीत येतं. असं दुसरीकडे दिसलेलं आहे. माझ्या अभ्यासाला संशोधन स्पर्धेत पहिला नंबर मिळाला. सरांनीच अहवालाची प्रत कचेरीत पाठवली, कारण संशोधन कपाटात पडू नये असं तुम्हीच मला लहानपणापासून सांगत आलात.

विहीर आता आटली असेल, तर एक शक्यता तपासावी लागेल. पाणी आलं म्हणून लोकांचा वापर वाढला असावा. पाणी वापरायला शिस्त लागते. तुमचं गावात वजन आहे, तुम्ही याबद्दल बोललात तर उपयोग होईल.

तुम्ही रागानं बोलता आण्णा, मी आकड्यांनी बोलते. तहानेला माझ्याकडे रकाना नाही, हे मात्र खरं.

तुमची,
नीलिमा

•

करंजओढा
९ एप्रिल

चि. नीलिमा,

तुझ्या ‘शिस्त लागते’वर मी चार पानं लिहिली होती. तुझ्या मोठ्या आईनं, म्हणजे आमच्या भामाबाईनं, ती माझ्याकडून वाचून घेतली आणि चुलीत घातली. म्हणाली, “तू हात चालव, मी सांगते.” तेव्हा पुढचं सगळं तिचं.

पोरी, ह्यो लिवतुय आन् मी सांगतीया. मधी मधी सोताचं घुसडंल, ते वाचू नगंस.

तू दहा बार आलीस. दहा बार माझ्या हातची भाकरी खाल्लीस. पर मला कायबी इचारलं न्हाईस. पारावर बसलेल्या बाप्यांस्नी इचारलंस. त्यातल्या एकानं तरी हिरीतनं कवा घागर वडलीया का? पाणी आमी वडतो आन् फारम त्यांचा भरतीस.

आता ऐक. टँकर यायचा मंगळवारी आन् सुक्करवारी, चार वाजता. सिद्धू डायवर दोन खेपा करायचा. पाणी भांड्यात न्हाई देत आमच्याकडं. टँकर हिरीच्या कडंला लावायचा, पायप आत सोडायचा आन् सगळं पाणी हिरीत. मग आमी त्यातनं शेंदून घ्यायचं, म्हंजी भांडाण हुईत न्हाई, समद्यास्नी मिळतंय. तू यायचीस शनवारी. सुक्करवारचं टँकरचं पाणी तू मोजलंस आन् हीर चढली म्हणून लिवलंस. बिस्तरवारी, टँकर यायच्या आदल्या दिशी, आली असतीस तर तुझी टेप चिखलात उभी ऱ्हायली असती.

(इथं मी तिला म्हणालो, पोरीला हे ठाऊक नव्हतं का? ती म्हणाली, “सांगलीत वाढल्याली पोर, तिला काय ठावं? तिच्याकडं टँकर आला तर बिल्डिंगीच्या टाकीला लागतो.” — आण्णा)

आन् आमची शिस्त तुला बघायची असंल तर चुलीमागच्या भिताडावर बघ. टँकरची खेप आली की मी कोळशानं एक रेघ मारतीया. पोहरा गाळाला टेकला त्या दिशी फुली. धुणं कवा काढायचं ते कळाया लागतंय. फेबरवारीपास्नं हाय समदं. ह्याला उतरून पाठवाया सांगते. तुझ्या वहीशेजारी ठिव आन् बघ.

आन् पोरी, ह्याला बी एक इचार. त्या तुझ्या फारमात ह्यानं...

(यापुढं ती जे बोलली ते विषयाला धरून नसल्यामुळे लिहीत नाही. भिंतीवरच्या खुणा वारासकट उतरवून सोबत जोडल्या आहेत. — आण्णा)

•

सांगली
१५ एप्रिल

आदरणीय आण्णा,
जय भीम.

काल जयंतीला तुमचं भाषण नेहमीसारखं झालं असेल. मी इथं खोलीत बसून आलेख काढत होते.

एका रेषेवर मोठ्या आईच्या रेघा आणि फुल्या, त्यावर माझे शनिवार. टँकर बंद होईपर्यंतच्या चौदा फुल्या आहेत. सगळ्या सोमवारी नाहीतर गुरुवारी. शनिवारी एकही नाही. टँकर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला आणि माझा आकडा नेमका त्याच आठवड्यात उडी मारतो. मग एक साधा हिशेब केला, जो मी फेब्रुवारीतच करायला हवा होता. विहिरीचा व्यास चार मीटर. दोन खेपा म्हणजे चोवीस हजार लिटर. तेवढ्या पाण्यानं विहीर सव्वासहा फूट चढते. लोकांनी शुक्रवारी संध्याकाळी नेलेलं वजा केलं की माझे शनिवारचे आकडे जवळजवळ जसेच्या तसे उभे राहतात.

म्हणजे मी भूजल मोजलंच नाही. मी टँकर मोजला. आणि मी मोजलेल्या टँकरमुळे टँकर बंद झाला.

आम्हाला पहिल्या सत्रात शिकवलं होतं: कधी मोजलं, हेही काय मोजलं इतकंच महत्त्वाचं. मी ते परीक्षेत लिहून आठपैकी सात गुण घेतलेत. दहा वेळा एकाच वारी, एकाच वेळी मोजलं, ही मला माझी काटेकोर शिस्त वाटत होती. ती माझ्या एस.टी.ची वेळ होती.

‘पाणी वापरायला शिस्त लागते’ हे वाक्य मी मोठ्या आईसारख्या बाईबद्दल लिहिलं.

आता दुसरी गोष्ट. मोठ्या आईचं जे बोलणं विषयाला धरून नव्हतं, त्यासाठी मी फॉर्मांचा गठ्ठा सोडला. फॉर्म क्रमांक सात. प्रश्न अकरावा: ‘श्रमदानातून खोदलेल्या चरांमुळे विहिरीची पाणीपातळी वाढली आहे का? होय / नाही.’ ‘होय’वर खूण. शेजारी, जागा नसताना, वळणदार अक्षरात लिहिलेलं: ‘निश्चितच.’ उत्तर देणाऱ्याचं नाव तुम्हाला माहीत आहे.

प्रश्न माझा वाईट होता. उत्तर मीच त्यात भरून ठेवलं होतं. चोवीसपैकी अठरा जण त्या श्रमदानात होते. स्वतः खोदलेल्या चराला नाही कोण म्हणणार? बाई एकही नव्हती. हा दोष माझा. पण आण्णा, विहिरीत टँकर रिता होतो हे तुम्हाला ठाऊक होतं. मी तुमच्या शेजारी बसून पेन धरलं होतं. तुम्ही का बोलला नाहीत?

नीलिमा

•

करंजओढा
२० एप्रिल

चि. नीलिमा,

पत्र आलं तेव्हा मी पारावर होतो. घरी येऊन वाचलं. भामाबाईनं तोंडाकडं बघितलं आणि न विचारता चहा ठेवला.

‘निश्चितच’ मी लिहिलं. त्या दिवशी आदल्या दिवशीचा टँकर विहिरीत होता आणि मी त्याचंच पाणी प्यायलो होतो.

तीन उन्हाळे आम्ही त्या डोंगरावर खोदलं. गावठाणातले आले, आपल्या वस्तीतले आले, एका पाटीला चार जातींचे हात लागले. तुला ठाऊक आहे, या गावात तेही पूर्वी होत नव्हतं. मी रोज सकाळी दगडावर उभा राहून बोलायचो: आपला टँकर आपण बंद करू. मग फेब्रुवारीत टँकर आला. सिद्धूनं पाइप विहिरीत सोडला तेव्हा मला तिकडं बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी तू फॉर्म घेऊन आलीस आणि त्यात टँकरचा प्रश्नच नव्हता. मला बरं वाटलं. मी विचार केला, पोर विचारत नाही तर आपण कशाला सांगा; आपल्या चरांचं नाव चांगलं राहील, इतर गावं खोदतील.

हे खोटं मी कुणाच्या फायद्यासाठी बोललो नाही. म्हणून ते जास्त वाईट. माणूस पैशासाठी खोटं बोलला तर त्याला ते ठाऊक तरी असतं. मी माझ्या मताच्या प्रेमात होतो आणि त्याचं बिल क्रांतीच्या डोक्यावरच्या हंड्यात गेलं. तिचे वार्षिक परीक्षेचे दोन पेपर बुडाले. तिची आई काल मला म्हणाली, “आवं आण्णा, तुमी लय बोलता, तवा का गप बसला?”

खरं काय ते आता लिहितो, तुझ्या वहीत नोंद कर. पूर्वी आमची विहीर दिवाळीला आटायची. चर खोदल्यावर ती जानेवारीअखेर टिकली. चर कामाला आले, पण तीन महिन्यांपुरते. पुढच्या चार महिन्यांचं काय, हा खरा प्रश्न होता. तो विचारायची वेळ आली तेव्हा मी ‘निश्चितच’ लिहिलं.

आता तू काय करणार? मी कचेरीत जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, “आजोबा, छापील अहवालापुढं तुमचं तोंडी चालत नाही. ज्यानं लिहिलंय त्यानं लिहून दिलं पाहिजे.” मी तुला काही सांगत नाही. सांगायचा हक्क मी फॉर्म क्रमांक सातवर घालवला.

आण्णा

•

सांगली
२९ एप्रिल

आदरणीय आण्णा,
जय भीम.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी धैर्यशील सरांकडे गेले. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. आलेख त्यांनी दोनदा बघितला. मग म्हणाले, “नीलिमा, चूक कुणाचीही होते. प्रबंधात ‘अभ्यासाच्या मर्यादा’ हे प्रकरण असतंच. त्यात एक ओळ टाक.”

“सर, ती ओळ वाचून टँकर येईल का?”

“अगं, अहवालावर माझी सही आहे. विभागाचं नाव आहे. बक्षीस परत करावं लागेल तुला.”

“केलं सर. सकाळीच. ऑफिसात प्रमाणपत्र ठेवून आलेय.”

त्यांनी आलेख पुन्हा जवळ ओढला. “या कोळशाच्या नोंदी कुणाच्या?”

“माझ्या मोठ्या आईच्या. भामाबाई. शाळेत गेलेली नाही.”

“हा आलेख अहवालाआधी का नाही काढलास?”

“मी तिला विचारलं नाही सर. आणि तिला विचारलंस का, हे तुम्ही मला विचारलं नाहीत.”

मला वाटलं, आता मला बाहेर काढतील. त्यांनी कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘उपरोक्त अहवालातील पाणीपातळीचे निष्कर्ष चुकीचे असून ते मागे घेत आहोत. कृपया त्यांच्या आधारे कोणताही निर्णय घेऊ नये.’ खाली दोघांच्या सह्या. कागद मीच एस.टी.नं जाऊन कचेरीत दिला आणि पोच घेतली. साहेबांनी पोच देताना विचारलं, “मॅडम, असं कुणी परत मागं घेतं का हो?” ते पुन्हा मोजायला येणार आहेत, सहा मे, सकाळी अकरा.

परत येताना सांगलीत आयर्विन पुलावर थांबले. तिथं कृष्णेची पातळी मोजायचे आकडे रंगवलेले आहेत. पुरात नदी किती चढली हे भाजी विकणारी बाई वाचते, रिक्षावाला वाचतो. कुणाला फॉर्म भरावा लागत नाही आणि कुणी त्यांना खोटं सांगू शकत नाही. आमच्याकडे पाणी जास्त झालं की त्याचा आकडा सगळ्यांसमोर असतो. तुमच्याकडे पाणी संपतं तेव्हा आकडा फाइलीत असतो. हे मला आधी कधी दिसलं नव्हतं.

मी प्रबंध नव्यानं लिहिते आहे. एक वर्ष जाईल. या वेळी पहिली मुलाखत चुलीपाशी.

तुमची,
नीलिमा

•

करंजओढा
८ मे

चि. नीलिमा,
जय भीम.

परवा साहेब आले, अकराचे साडेबारा करून. विहिरीवर सगळ्या बायका होत्या. पुरुष मागं उभे होते, मीही मागं. साहेबांनी टेप सोडली. खाली टेकली तरी आवाज आला नाही. त्यांनी वर ओढली, वजनाला ओला गाळ लागला होता, टेप कोरडी.

भामाबाई म्हणाली, “वाचा की सायेब. किती फूट लिवलंय?”

साहेबांनी जागेवरच वहीत शून्य लिहिलं, वेळ लिहिली आणि सरपंचांची सही घेतली.

काल टँकर आला. सत्तेचाळीस दिवसांनी. या सत्तेचाळीस दिवसांचा जाब मी कुणाला विचारू? तुला विचारला, तू वर्ष मोजून दिलंस. तुझ्या सरांनी सही दिली. उरलो मी. मी यंदा कुठंही बोलायला उभा राहणार नाही, असं भामाबाईला सांगितलं. ती म्हणाली, “बोल की. पर आधी इचारून बोल.”

सिद्धूनं पाइप विहिरीत सोडला, दुसरी खेपही रिती झाली. बायका घागरी घेऊन पुढं सरल्या तशी भामाबाई म्हणाली, “थांबा गं.” तिनं पदराच्या गाठीतून कोळसा काढला आणि विहिरीच्या कठड्यावर, सगळ्यांना दिसेल अशा जागी, दोन रेघा मारल्या. मग कोळसा क्रांतीच्या हातात दिला. “तुला लिवाया येतंय न्हवं? लिव.” क्रांतीनं रेघांशेजारी लिहिलं: ७ मे, दुपारी ४.१०, दोन खेपा.

आता तुझ्यासारखं कुणीही टेप घेऊन कुठल्याही वारी येऊ दे. टेप सोडायच्या आधी त्याला ते वाचावंच लागेल.

आण्णा

•

माणसांनो, पत्रं संपली.

जो मोजायला येतो तो आपला वैरी असतोच असं नाही. आमच्याकडं आलेली तर घरचीच होती. पण ती तिच्या एस.टी.च्या वेळेला आली, पारावर बसली आणि मी तिला तिला हवं ते सांगितलं. तिची बस, तिचा फॉर्म आणि माझी फुशारकी, एवढ्यावर एका गावाचं पाणी तुटलं. तुमच्या गावात माझ्यासारखा कुणी नसेल असं समजू नका.

म्हणून मी तुमच्याकडं मोर्चा मागत नाही, निवेदन मागत नाही. एकच काम मागतो. तुमच्या विहिरीत टँकर रिता झाला की पहिली घागर सोडायच्या आधी, खडू असेल तर खडूनं, नसेल तर चुलीतल्या कोळशानं, विहिरीच्या कठड्यावर तारीख, वेळ आणि खेपा लिहा. पाणी शेंदणाऱ्या बाईच्या हातानं लिहा. पुढचा टँकर येईल त्याच दिवशी सुरू करा.